कारंज्याच्या पेठेला समिती कशी लाभली

कृषी पणनाचे कुठलेही पाठ्यपुस्तक उघडा, सुरुवातीच्या पानांत एक वाक्य हमखास भेटते: भारतातली पहिली नियंत्रित बाजारपेठ १८८६ साली वऱ्हाडातल्या कारंजा येथे, हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाने सुरू झाली. स्पर्धा परीक्षांची पोरे ते पाठ करतात, आणि एका गुणाचा प्रश्न सुटला की कारंज्याचे काम संपते. वाक्य खरे आहे, पण अर्धे आहे. बाजार नियंत्रित झाला तो कोणासाठी, हुकूम हैदराबादहून का आला, समितीच्या खुर्च्यांवर कोण बसले आणि कोण बसू शकले नाही, हे त्यात येत नाही. त्याहून मोठी उणीव अशी, की कारंज्याला १८८६ पूर्वी बाजार कसा चालवतात हे ठाऊकच नव्हते असे ते वाक्य वाचून वाटते.

बखर, मोगली दप्तर, जैन साधूची यात्रावर्णने, हस्तलिखितांच्या पुष्पिका, इंग्रजी गॅझेटियर आणि शेती आयोगाचा अहवाल अशी कागदपत्रे शेजारी ठेवली की चित्र पालटते. पेठ सांभाळणाऱ्या संस्था कारंज्यात दोन-तीनशे वर्षे आधीपासून होत्या. १८८६ चा हुकूम शेतकऱ्याच्या कैवारातून निघाला नव्हता, कापसाच्या काळजीतून निघाला होता. शेतकरी त्या समितीत पोचला तो फार उशिरा.

गावापासून सुरुवात करू. जुन्या कारंज्याला कोट होता आणि चार वेशी होत्या: दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस. पोहा आणि मंगरूळ शेजारची, दारव्हा यवतमाळच्या वाटेवरचे. पण चौथ्या वेशीला थेट दिल्लीचे नाव द्यावे, यात गावाने आपला व्यापार कुठवर जातो हे सांगून टाकले आहे. आईन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या परगण्यांच्या यादीत 'कारंजा बीबी' असे नाव येते. अहमदनगरच्या सुलतानाने मुलीला हे गाव आंदण दिले म्हणून ते 'बीबीचे कारंजे', अशी परंपरा आहे. ती खरी असो वा नसो, आंदण द्यायला उजाड गाव कोणी निवडत नाही.

पेठेच्या श्रीमंतीचा सर्वांत बोलका पुरावा मात्र लुटीचा आहे. ऑक्टोबर १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी दुसऱ्यांदा सुरत लुटली, परतताना वणी-दिंडोरीची लढाई झाली, आणि वर्ष संपता संपता मराठी फौज खानदेशातून वऱ्हाडात उतरून कारंज्यावर आली. जदुनाथ सरकारांनी त्यांच्या शिवचरित्रात या स्वारीचा तपशील दिला आहे. उंची कापड, सोने आणि चांदी असा कोटभर रुपयांचा ऐवज चार हजार बैलांवर आणि गाढवांवर लादून नेला. गावातल्या धनिकांना खंडणीसाठी धरून नेले. त्यांतला सगळ्यांत मोठा असामी बाईचा वेष घेऊन निसटला. मराठ्यांची फौज बाईला हात लावत नाही हे त्या सावकाराला पक्के ठाऊक होते, हे यातून दिसते. शत्रूच्या शिस्तीवर इतका भरवसा ठेवणारा माणूस व्यापारात काय कच्चा असणार!

कोट हा आकडा गोल आहे आणि गोल आकड्यांवर माझा फारसा विश्वास नाही. लुटणारा तो वाढवून सांगतो, लुटला गेलेलाही वाढवून सांगतो. मालाचे प्रकार मात्र कोणी रचून सांगत नाही. त्या यादीत उंची कापड आहे, सोने-चांदी आहे, पण कापूस नाही. सतराव्या शतकातल्या कारंज्याची दौलत तयार मालात आणि रोकड्या पैशात होती. पुढच्या दोनशे वर्षांत हेच गाव कच्च्या कापसाचे गाव होऊन बसले. तो बदल लक्षात घेतल्याशिवाय १८८६ चा हुकूम समजत नाही.

लुटीने पेठ बसली का? नाही. याच पिढीत श्वेतांबर जैन साधू शीलविजय दक्षिणेची तीर्थयात्रा करत वऱ्हाडात आले. त्यांच्या तीर्थमालेत कारंज्याच्या धनवान वस्तीचे वर्णन आहे आणि भोज संघवी नावाच्या बघेरवाल व्यापाऱ्याचे तोंड भरून कौतुक आहे. त्याचा दानधर्म, यात्रेकरूंची खातिरदारी, तीर्थयात्रेवर केलेला खर्च, सगळे येते. नाथूराम प्रेमी यांनी 'जैन साहित्य और इतिहास' या ग्रंथात दक्षिणेतल्या तीर्थक्षेत्रांवर लिहिताना हे वर्णन विस्ताराने वापरले आहे. भोज संघवी दिगंबर होता आणि वर्णन करणारा श्वेतांबर, म्हणून मला ही साक्ष विशेष वजनदार वाटते. आपल्या पंथाच्या यजमानाची स्तुती कोणीही करतो, दुसऱ्याच्या यजमानाची करायला कारण लागते. सोने-चांदी नेता येते, घराण्याची पत नेता येत नाही, हे कारंज्याने त्या काळात दाखवले.

ही पत कोण सांभाळत होते? कारंज्यात दिगंबर जैनांच्या तीन परंपरांची ठाणी होती: सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ. तिन्हींची मंदिरे गावात आहेत. काष्ठासंघाच्या मंदिरातले लाकडी कोरीवकाम पाहायला आजही लोक येतात. या परंपरांचे प्रमुख म्हणजे भट्टारक. विद्याधर जोहरापूरकरांनी १९५८ साली सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेतून 'भट्टारक संप्रदाय' हा ग्रंथ काढला आणि मूर्तिलेख, पट्टावल्या, पोथ्यांच्या पुष्पिका एकत्र करून या गाद्यांचा क्रम लावला. पुष्पिका म्हणजे पोथीच्या शेवटी लेखनिकाने घातलेल्या चार ओळी: पोथी कोणी लिहिली, कोणासाठी, कोणत्या गावी, कोणत्या साली, खर्च कोणी केला. खर्च करणारा बहुतेक वेळा व्यापारी असतो, अनेकदा व्यापाऱ्याची बायको. मूर्तीच्या बैठकीवरही असेच: भट्टारकाचे नाव, मग दात्याचे, त्याच्या बापाचे, गोत्राचे.

या नोंदी धार्मिक आहेत हे खरे, पण त्यांतून घराण्यांचे जाहीर रजिस्टरही तयार होत होते असे माझे मत आहे. ज्याचे नाव मूर्तीवर कोरले गेले, ज्याने संघ काढून गिरनारची यात्रा घडवली आणि संघवी म्हणवून घेतले, त्याची हुंडी दूरच्या पेठेत चालते. गादीने ज्याला वाळीत टाकले त्याची चालत नाही. समिती, परवाना, निबंधक यांतले काही नसताना पेठेचा कारभार अशा दाब-उपदाबांवर चालत असे. कस्तुरीच्या हवेलीची आख्यायिकाही याच पतीची आहे. कस्तुरी विकायला आलेल्या परदेशी व्यापाऱ्याने कारंज्यात एवढा माल घेणारा कोण मिळणार असे हिणवले. तेव्हा इथल्या सावकाराने उंटांवरची सगळी कस्तुरी एकरकमी घेतली आणि बांधकामाच्या चुन्यात टाकायला लावली. दप्तरात ही गोष्ट बसत नाही. पण तिच्यात फुशारकी आहे ती रोख पैसा मोजण्याची, आणि तेवढ्यापुरती ती लुटीच्या यादीशी जुळते.

आता कापूस. इंग्रजी अमलापूर्वी वऱ्हाडचा कापूस बाहेर जायचा तो मुख्यतः बैलांच्या पाठीवरून मिर्झापूरकडे, गंगेच्या पेठेत. पाचशे मैलांची ती वाट वंजाऱ्यांच्या तांड्यांची होती. १८२५-२६ च्या सुमारास पेस्तनजी आणि कंपनी या पारशी पेढीने वऱ्हाडातून मुंबईकडे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर कापूस नेला, आणि व्यापाराचे तोंड उत्तरेकडून पश्चिमेकडे वळले. दिल्ली वेशीचे महत्त्व तेव्हापासूनच कमी व्हायला लागले म्हणायचे.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे कारभारासाठी सोपवला. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा, आणि देखरेख हैदराबादच्या रेसिडेंटची. म्हणून कारंज्याच्या बाजाराचा हुकूम मुंबईहून किंवा नागपूरहून न निघता हैदराबाद रेसिडेन्सीतून निघाला. मुंबई इलाख्याचे कायदे इथे आपोआप लागू होत नव्हते. रेसिडेंटने काढलेला हुकूम हाच कायदा. अशा मुलखात एखादा प्रयोग करून पाहणे सोपे जाते, कौन्सिलात भांडायला कोणी नसते.

प्रयोगाची निकड मँचेस्टरला होती. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली, तिथला कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानच्या कापसाकडे डोळे लावले. वऱ्हाडात पैशाचा पूर आला. १८६७ च्या सुमारास रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडसाठी हॅरी रिव्हेट-कार्नॅक या खास कॉटन कमिशनरची नेमणूक झाली. १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावची रेल्वे शाखा उघडायला आले. त्याच वर्षी ए. सी. लायल यांनी संपादित केलेले वऱ्हाडचे गॅझेटियर निघाले. कापसासाठी राज्य किती जागे झाले होते त्याचा हा सगळा पुरावा.

तक्रार एकच होती: कापूस पोचतो, पण शुद्ध पोचत नाही. ओला करून वजन वाढवलेला, सरकी मिसळलेला, आखूड धाग्याचा लांब धाग्यात घातलेला. मुंबई सरकारने १८६३ साली कापसातल्या लबाडीविरुद्ध कायदाच केला होता. तो शिक्षेचा कायदा होता, आणि शिक्षेने भेसळ थांबत नाही हा अनुभव आला. मग दुसरी वाट निघाली. कापूस जिथे पहिल्यांदा हात बदलतो ती जागाच नेमून द्यायची, तिथल्या दलालाला आणि मापाऱ्याला परवाना द्यायचा, वजने तपासायची आणि फी ठरवून द्यायची. लँकेशायरला वाजवी भावात शुद्ध कापूस मिळावा हा या मांडणीचा हेतू होता, हे पणनशास्त्राची पुस्तकेही लपवत नाहीत.

त्या काळी विक्री कशी होत असे ते पाहिले की परवान्याची गरज पटते. पहाटे बंडी भरून शेतकरी पेठेत शिरला की वेशीतच दलाल गाठी. बरेचदा तो दलाल त्याच्या सावकाराचाच माणूस असे, म्हणजे विकायचा निर्णय आधीच झालेला. भाव ठरायचा तो रुमालाखाली. अडत्या आणि खरीददार उपरण्याखाली हात घालून बोटे दाबत, आकडा त्यांनाच कळे, आणि माल ज्याचा तो समोर उभा राहून चेहरे वाचत बसे. मग वजन. मुंबईच्या बाजाराची खंडी ७८४ पौंडांची, पण पेठेतला मण आणि धडा पेठेचा स्वतःचा. मग कडता: ओलावा म्हणून इतका, काडीकचरा म्हणून इतका, नमुना म्हणून मूठभर. मग वांधा: बंडी जिनात रिकामी होताना 'खालचा माल वेगळा निघाला' म्हणून ठरलेला भाव पाडायचा. परत जायला रात्र झालेली, बैल उपाशी, शेतकरी मान हलवी. शेवटी पट्टीत अडत, हमाली, तोलाई आणि धर्मादाय. गोशाळा, पांजरपोळ, मंदिर, पाणपोई यांसाठीचा धर्मादाय विकणाऱ्याच्या रकमेतून कापला जाई आणि पुण्य कापणाऱ्याच्या नावावर जमा होई. पुढे, १९२८ च्या अहवालात, शेती आयोगाने देशभरच्या बाजारांतल्या अशा कपातींची दखल घेतली, त्यांत धर्मादाय होता आणि रुमालाखालचा सौदाही होता.

महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली लिहून पुरा केला, म्हणजे कारंज्याच्या हुकुमाआधी तीन वर्षे. १८७५ साली पुणे-नगर भागात सावकारांच्या वह्या आणि खते जळाली होती. शेतकऱ्याची लूट सरकारला माहीत नव्हती असे म्हणता येत नाही. पण १८८६ चा हुकूम त्या दुःखाला उत्तर म्हणून आला नाही. शेतकऱ्याला त्यातून थोडे संरक्षण मिळाले, ते शुद्ध कापसाबरोबर आलेले उप-उत्पादन होते.

इथे एक घोळ निस्तरला पाहिजे. कितीतरी मार्गदर्शकांत 'कारंज्याचा बाजार १८९७ च्या कायद्याने स्थापन झाला' असे लिहिलेले आढळते, आणि शेजारच्याच ओळीत साल १८८६ असते. दोन्ही एकदम खरे असू शकत नाही. क्रम असा आहे: १८८६ साली रेसिडेन्सीच्या हुकुमाने कारंज्याचा बाजार नियंत्रणाखाली आला. १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला, त्याने कोणतीही जागा बाजार म्हणून जाहीर करण्याचा आणि देखरेखीसाठी समिती नेमण्याचा अधिकार दिला. म्हणजे कारंज्यात आधी चालवून पाहिले, मग नियम लिहिला. इम्पीरियल गॅझेटियर सांगते की मधल्या काळात, १८९५ साली, कारंज्याला नगरपालिका मिळाली. १९०१ च्या शिरगणतीत गावाची लोकसंख्या १६,५३५ होती, आणि गॅझेटियर त्याला व्यापारी महत्त्वाचे गाव म्हणते. मुख्य रेल्वेमार्गापासून, म्हणजे मूर्तिजापूरपासून, तीस-पस्तीस किलोमीटर आत असलेल्या गावाबद्दल हे म्हटले आहे. शकुंतला म्हणून पुढे लोकप्रिय झालेली मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद मापाची गाडी विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक-निक्सन कंपनीने घातली, तीही कापसासाठीच. गाडी आली म्हणून पेठ झाली नाही. पेठ होती म्हणून गाडी आली.

अकरा वर्षांत हुकूम, नगरपालिका आणि कायदा, आणि सगळीकडे माणसे तीच: व्यापारी, दलाल, जिन-प्रेसवाले, वकील. कापूस पिकवणारा समितीत नव्हता. कायदा त्याच्या मालाचा होता, त्याचा नव्हता. तरी या मंडळींना नुसते शोषक म्हणून मोकळे होणे मला मान्य नाही, कारण त्यांचा दुसरा हिशोबही कागदावर आहे.

१९१८ साली ब्रह्मचारी देवचंद, म्हणजे पुढचे मुनी समंतभद्र, यांनी कारंज्यात महावीर ब्रह्मचर्याश्रम सुरू केला. कुंभोजच्या बाहुबलीचे गुरुकुल त्यांचेच, पण पहिले कारंज्याचे. पेठेतल्या जैन व्यापाऱ्यांचे बळ पाठीशी नसते तर असे निवासी गुरुकुल वऱ्हाडातल्या आडगावी उभे राहिले नसते. पुढे रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ साली मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध केली. तिच्यात कारंज्याच्या शास्त्रभांडारांतल्या पोथ्यांची नोंद आली आणि अपभ्रंशाचे अभ्यासक जागे झाले. दहाव्या शतकात मान्यखेटला राष्ट्रकूटांच्या काळात लिहिणारा पुष्पदंत हा महाकवी या कपाटांत होता.

त्या पोथ्या छापल्या कोणी? विद्यापीठाने नव्हे. १९३१ साली परशुराम लक्ष्मण वैद्यांनी संपादलेले पुष्पदंताचे 'जसहरचरिउ' कारंजा जैन ग्रंथमालेत निघाले, आणि या मालेला कारंज्याच्या अंबादास चवरे यांचे नाव होते. १९३३ साली 'णायकुमारचरिउ' आले, अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्राध्यापक हिरालाल जैन यांनी संपादलेले. ते बलात्कारगणाच्या भट्टारकाचे नाव असलेल्या देवेंद्रकीर्ती ग्रंथमालेतले. 'सावयधम्मदोहा', 'पाहुडदोहा', 'करकंडचरिउ' हीसुद्धा हिरालाल जैनांनी याच तीन-चार वर्षांत कारंज्याहून काढली. या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर प्रकाशनस्थळ म्हणून कारंजा छापले आहे. लंडन, पॅरिस, बर्लिनच्या ग्रंथालयांतल्या अपभ्रंशाच्या फडताळात वऱ्हाडातल्या एका तालुक्याचेही ठिकाण नसलेल्या गावाचे नाव गेले ते असे. तेव्हा कारंजा मूर्तिजापूर तालुक्यात होते, अकोला जिल्ह्यात. वाशीम जिल्हा व्हायला १९९८ उजाडायचे होते.

काळही बघा. जागतिक मंदीने १९३० नंतर कापसाचे भाव कोसळलेले, आणि त्याच वर्षांत ही छपाई. पेठेवर मंदी असताना दहाव्या शतकातला कवी छापायला पैसे काढणारा व्यापारी निव्वळ नफ्याचे गणित करत नव्हता. त्याच सुमाराला, १९३४ साली, दत्तावतार मानल्या जाणाऱ्या नृसिंह सरस्वतींच्या कारंज्यातल्या जन्मस्थानी, गुरुमंदिरात, पादुकांची स्थापना झाली. ब्रह्मानंद सरस्वती, म्हणजे लीलादत्त, यांनी ते काम तडीस नेले. गुरुचरित्रात गाव होतेच, आता त्या गावात जायला जागा झाली, आणि कापसाचा हंगाम नसतानाही पेठेत परगावचा माणूस दिसू लागला. आज कारंज्याच्या बाजारातल्या कित्येक दुकानांचा गल्ला दत्तभक्तांवर चालतो. पुढे शाळांना चवऱ्यांचे आणि महाविद्यालयाला किसनलाल नथमल गोयनका यांचे नाव लागले. बाजारातला पैसा कुठे मुरला त्याचा हा नकाशाच आहे.

आता पुन्हा समितीकडे. १९१७-१८ च्या भारतीय कापूस समितीने वऱ्हाडच्या धर्तीचे बाजार इतर प्रांतांत सुरू करावेत अशी शिफारस केली. १९२६ साली नेमलेल्या आणि लॉर्ड लिनलिथगो अध्यक्ष असलेल्या शेती आयोगाने १९२८ च्या अहवालात वऱ्हाडची पद्धत देशापुढे नमुना म्हणून ठेवली. तोवर मुंबईने १९२७ साली आपला कापूस बाजार कायदा केला होता, आणि बाजारातला व्यवहार न्याय्य व्हावा, पिकवणाऱ्याचे म्हणणे समितीत यावे या हेतूने झालेला पहिला कायदा म्हणून त्याचेच नाव घेतले जाते. कारंजा पहिले, पण कारंजा शेतकऱ्याचे पहिले नव्हे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी म्हणता आल्या पाहिजेत.

पुढचे कायदे झपाट्याने उरकतो. मध्य प्रांतात १९३२ साली कापूस बाजाराचा आणि १९३५ साली शेतमाल बाजाराचा कायदा झाला. महाराष्ट्र झाल्यावर १९६३ च्या कायद्याने विदर्भ, मराठवाडा आणि जुना मुंबई इलाखा एका सूत्रात आले. आज बाजार समितीच्या अठरा जागांत अकरा सेवा सहकारी सोसायट्यांच्या, चार ग्रामपंचायतींच्या, दोन अडते-व्यापाऱ्यांच्या आणि एक हमाल-मापाऱ्यांची. कागदावर पाहिले तर १८९७ ची उतरंड पुरती उलटी झाली. सोसायट्यांच्या जागांवर गावोगावचे पुढारी येतात, ही त्यातली मेख सगळ्यांना माहीत आहे. हमालाची एक जागा मात्र मला महत्त्वाची वाटते. रुमालाखालच्या सौद्याच्या काळात पाठीवर बोजा घेणाऱ्याचे नाव कुठल्याच कागदावर येत नव्हते.

या प्रवासातला सगळ्यांत मोठा विरोधाभास १९७२ चा. त्या वर्षी राज्याने कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली. कापूस विकायचा तो फक्त पणन महासंघाला. जवळजवळ तीन दशके विदर्भात कापसाचा खुला लिलाव कायद्याने बंद राहिला. ज्या गावाने देशाला कापसाचा नियंत्रित बाजार दिला, त्याच गावात कापसाची बोली लागेना. योजना मोडली तोवर शेतकऱ्याने पऱ्हाटीशेजारी सोयाबीन आणले होते. आज दिवाळीच्या आगेमागे समितीच्या आवारात रांगा लागतात त्या सोयाबीनच्या पोत्यांच्या, मागाहून तूर, हरभरा.

आजचा लिलाव उघड्यावर, तोंडी बोलीने होतो. ढिगात हात घालून खरीददार मूठभर दाणे काढतो, दाताखाली एक फोडतो, ओलावा मशीनवर मोजतो, बोली चढते, समितीचा माणूस भाव टिपतो. मग काटा, आणि काट्यानंतर हिशोबपट्टी. तिच्यावर पोती, वजन, भाव, एकूण रक्कम, हमाली, तोलाई आणि निव्वळ देणे असे रकाने. बाजार फी शेकडा एक रुपयाच्या आतबाहेर, आणि ती कायद्याने खरीददाराने भरायची, शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायची नाही. धर्मादायाचा रकाना त्या पट्टीवर नाही. एवढा एक रकाना उडायला किती दशके लागली, ते वरच्या सनावळीत मोजता येईल. कडता मात्र अधूनमधून ओलाव्याच्या नावाने डोके वर काढतो, आणि वांधा हा शब्द विदर्भातल्या कुठल्याही आवारात आजही समजावून सांगावा लागत नाही.

कारंज्याच्या पेठेचा इतिहास लिहायला लागणारा पुढचा कागद आता गॅझेटियरात नाही, तो घरांत आहे. दिवाळीला पूजन झालेल्या जुन्या वह्या, रोजमेळ, जिनाच्या पावत्या, मापाऱ्याचा परवाना, समितीच्या जुन्या सभांची छापील पत्रके, एखाद्या आजोबांच्या ट्रंकेतली हिशोबपट्टी. घर रंगवायला काढले की हा माल किलोच्या भावाने रद्दीत जातो. कारंजेकरांना विनंती एवढीच: माळ्यावरचे गाठोडे टाकण्याआधी एकदा उघडा, पहिल्या पानावरचे साल वाचा, मोबाइलने त्या पानांचे फोटो काढा आणि मूळ कागद गावातल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला किंवा नागपूरच्या विदर्भ संशोधन मंडळाला द्या. बाजार समितीनेही आपल्या आवारात १८८६ चा फलक लावण्याआधी आपले जुने दप्तर कपाटातून काढून त्याची यादी करावी.